मी न पाहिलेलं मारेकचं गाव

आधीच सांगून टाकतो – असले अनुभव मी वाचतो ते लिहिणाऱ्याला खोटं पाडायला. या फोरमवरच्या जुन्या मंडळींना माझे रिप्लाय आठवत असतील. दिवे आपोआप विझले म्हणणाऱ्याला मी वायरिंग तपासायला सांगितलंय, माळ्यावर पावलं वाजतात म्हणणाऱ्याला उंदराचं औषध. त्यामुळे आज मीच लिहितोय म्हटल्यावर ज्यांना हसायचं त्यांनी खुशाल हसावं. फक्त अर्धवट वाचून "मित्रानेच कधीतरी सांगितलं असेल" असं खाली लिहू नका. त्याने सांगितलं नव्हतं. सगळा घोळ तोच आहे.

मी मूळचा सांगली जिल्ह्यातला, साखर कारखान्याच्या गावचा. आयर्लंडला आलो तो ॲथलोनला मास्टर्स करायला. बरोबरची मुलं आयटीत चिकटली, मला कुणी घेतलं नाही. हॉटेलात भांडी घासली, मग किचन बसवणाऱ्या एका आयरिश माणसाकडे सामान उचलायचं काम धरलं. तिथे मारेक भेटला. पोलिश. सुतार. माझ्याहून चार वर्षांनी मोठा आणि बोलायला अत्यंत कंजूष. दोघांनी मिळून ते काम सोडलं आणि डब्लिनजवळच्या नावन गावी स्वतःचं सुरू केलं. गिऱ्हाईक मी पटवायचं, लाकडाला हात त्याने लावायचा. अशी नऊ वर्षं काढली. पुण्या-नागपूरकडची जी मंडळी नावनला घरं घेतात, त्यांच्यात आमचं नाव होतं. इथे कपाटाला प्रेस म्हणतात. पाच लिटरचा कुकर, पोळपाट आणि पिठाचा डबा एकत्र मावेल असा प्रेस मारेकसारखा कुणी करत नाही, हे आज इतक्या रागातही मी लिहीन.

नऊ वर्षं व्हॅनमध्ये शेजारी बसून माझं गाव त्याला पाठ झालं होतं. कारखान्याचा भोंगा, मळीचा वास, वडिलांचं पानाचं दुकान, सगळं. त्याने स्वतःविषयी काय सांगावं? "ग्डान्स्क. समुद्र. वडील गोदीत होते." संपलं. मी खोदून विचारलं तर म्हणायचा, "मोठं शहर आहे, सुधीर. मोठ्या शहरात सांगण्यासारखं काय असतं?"

आता माझी सवय सांगतो, कारण हे सगळं तिच्यामुळेच झालं. सौदा करायला बसलो की मी पहिल्यांदा समोरच्याचं गाव विचारतो. तो अमुक गाव म्हणाला की "अरे, तिथे माझ्या मावसभावाची सासुरवाडी" असं ठोकून देतो. मावसभाव आहे की नाही हे कोण बघतंय? नदी असतेच, देऊळ असतंच, एस.टी. स्टँडजवळ भज्यांची गाडी असतेच. माणूस खुलतो आणि भाव करायला जरा लाजतो. आयरिश लोकांवरसुद्धा हे चालतं, थोडं चर्च आणि पब घालायचं.

गेल्या वर्षी मार्चमधली गोष्ट. सेंट पॅट्रिकची सुट्टी शनिवार-रविवारला जोडून सोमवारी आली होती, ती संपून मंगळवारी कामं सुरू झाली. त्याच शुक्रवारी आम्ही एका मोठ्या वर्कशॉपच्या दहा वर्षांच्या भाडेकरारावर सह्या करणार होतो. त्या जागेसाठी मालकाशी मी वर्षभर घासाघीस केली होती. मारेक दोनदा येऊन मोजमाप घेऊन गेला होता. "ग्रँड," म्हणाला होता. त्याच्याकडून ही मोठी स्तुती.

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला मी स्लेनच्या रस्त्याला एका घरी गेलो. हेलेनाबाई, सत्तरी ओलांडलेल्या पोलिश बाई, एकट्या राहणाऱ्या. त्यांना स्वयंपाकघर नवं करायचं होतं. बाई माझ्याहून वरचढ निघाल्या. चहा दिला, बिस्किटं दिली, आणि भाव तिळभर वाढवेनात. शेवटी मी ठेवणीतलं काढलं. "तुमचं गाव कुठलं?"

त्यांनी एक नाव घेतलं. मला ते धड उच्चारताही आलं नाही. (इथे देत नाही. का ते शेवटी कळेल.) म्हणाल्या, "पूर्वेकडचं लहानसं गाव आहे. तुला कुठून माहीत असणार?"

"का नाही? माझा पार्टनर पोलिश आहे. एकदा जाऊन आलोय तिकडे," मी म्हणालो. साफ थाप.

"असं? मग सांग, काय पाहिलंस?" त्यांनी चष्मा नीट केला. पोरगं कसं फसतं ते त्यांना बघायचं होतं.

मी नेहमीसारखा सुटलो. नदी. पण नदी म्हणून थांबलो नाही. म्हणालो, नदी लहान, संथ, आणि गाव एकाच काठावर, कारण पलीकडे दलदल. चर्चला दोन मनोरे, पण एक अर्ध्यावरच राहिलेला. चौक चौकोनी नाही, एका बाजूला लांबट, कारण तिथली घरांची रांग जळाली ती कुणी परत बांधली नाही. चौकामागे अग्निशमन दलाची इमारत आहे, तिच्या खिडक्या वर कमानीच्या, कारण ते पूर्वी ज्यूंचं प्रार्थनाघर होतं. गावाबाहेर पाइनच्या झाडीत त्यांचं कब्रस्तान, पण तिथे एकही दगड नाही. लढाईच्या काळात ते दगड उचलून रस्त्याला घातले.

हे मी बोलत होतो, आणि माझा आवाज नेहमीचाच होता. अंगावर काटा नाही, डोळ्यांसमोर चित्र नाही. थाप मारताना पुढचा शब्द जसा आपोआप येतो, तसाच येत होता. बाईंच्या हातातलं बिस्किट चहात विरघळून पडलं तेव्हा माझं लक्ष गेलं. पण मला वाटलं, चला, सौदा जमला. मी आणखी रंगवलं.

"आणि साखर कारखाना. बंद पडलेला. शरद ऋतूत बीट शिजायचं तेव्हा आख्ख्या गावाला गोडसर मातीचा वास यायचा."

मित्रांनो, साखर बीटापासूनही होते हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. आमच्याकडे ऊस.

बाई हळू आवाजात म्हणाल्या, "आता तिथे काय आहे?"

"कारखान्यामागे जुना वजनकाटा आहे ना, त्या इमारतीत नवं वर्कशॉप होतंय. हिरवं दार. लाकडाचं काम. दोन भाऊ आहेत."

बाई हसल्या. "मारेक आणि टोमेक. माझी बहीण अजून तिथेच राहते, फोनवर सगळं सांगते. मोठा आयर्लंडहून उन्हाळ्यात कायमचा परत येणार आहे म्हणे. म्हणजे तुझा पार्टनर तोच होय? आता तुझं कसं रे होणार?"

मी म्हणालो, "आमचा मारेक ग्डान्स्कचा आहे."

त्यांनी आडनाव सांगितलं. मग उजव्या भुवईवरची खूण सांगितली. लहानपणी कारखान्याच्या कुंपणावरून पडला होता म्हणे. मला त्याने ती खूण बोटीवरची म्हणून सांगितली होती.

किचनचं काय ठरलं ते आठवत नाही. व्हॅन चालवत परत आलो ते एवढंच डोक्यात ठेवून की शुक्रवारी हा माणूस माझ्याबरोबर दहा वर्षांवर सही करणार होता, किंवा करणार नव्हता, आणि दोन्हीपैकी काय ते मला सांगणार नव्हता.

मारेक आमच्या लहान शेडमध्ये डबा खात होता. मी दारातूनच विचारलं, "उन्हाळ्यात गावी चाललायस?"

तो चावायचा थांबला. "कोण म्हणालं?"

"आधी हो की नाही ते सांग."

"हो. सांगणार होतो."

"शुक्रवारच्या आधी की नंतर?"

त्याने पुढचा घास घेतला. माझं डोकं फिरलं. माझा स्वभाव घरच्यांना विचारा. मी काय काय बोललो ते सगळं लिहीत नाही, पण त्याला लागावं म्हणून शेवटी म्हणालो, "खिडकीखाली वर्कबेंच एकच लावलंस, तेही डाव्या हाताचं. स्वतःपुरतं. तिथे तरी कुणाला उभं राहू देणार आहेस का?"

मारेक डावखुरा आहे. त्याचा चेहरा पांढरा पडला. डबा बाजूला ठेवून तो उठला.

"ते बेंच शनिवारी बसवलंय," तो म्हणाला. "टोमेकने मला एक फोटो पाठवला. मी बघून डिलीट केला. आत अजून कुणी गेलेलं नाही. किल्ली फक्त टोमेककडे आहे."

मी तिथेच थंड झालो. कारण बेंचचं मला हेलेनाबाईंनी सांगितलं नव्हतं. कुणीच नाही. मी त्याला खरं ते सगळं सांगितलं – थाप मारायला गेलो आणि तोंडातून हेच निघालं. तो ऐकत राहिला.

"तू नऊ वर्षं लोकांना अशाच गोष्टी सांगून गुंडाळतोस, सुधीर. मी शेजारी बसून ऐकल्यात. मला नको सांगू."

आणि माझ्यासमोर त्याने भावाला फोन लावला. पोलिश मला येत नाही, पण भाऊ शपथा घेत होता आणि हा ऐकत नव्हता, एवढं कळायला भाषा लागत नाही.

जाता जाता मी एकच विचारलं. "ग्डान्स्क का सांगितलंस?"

"गावाबद्दल बोलायला लागलो असतो तर इथे राहता आलं नसतं." हत्यारांची पेटी उचलून तो गेला. शुक्रवारी मी एकट्याने सही केली नाही. जागा दुसऱ्याने घेतली.

महिनाभर मी डोकं फोडून घेतलं. नेटवर गाव शोधलं. फोटोंत चर्च दिसतं, मनोरा खरंच अर्धाच आहे. कारखान्यामागच्या गल्लीत मात्र कुठलाच कॅमेरा गेलेला नाही. कुणीतरी विचारेलच म्हणून सांगतो – हो, लढाईच्या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलिश लोकांची वस्ती होती, मला माहीत आहे. आमच्या घरातलं कुणी तिकडे फिरकलेलं नाही, आणि तेव्हाच्या माणसाला हिरवं दार आणि शनिवारचं बेंच कुठून ठाऊक असणार?

मग एका रविवारी दुपारी टोमेकचा फोन आला. मोडकं इंग्लिश. "मारेक माझ्याशी बोलत नाही. वर्कशॉपला कुलूप आहे. आई रडते. तुला कोणी सांगितलं त्याचं नाव सांग. कुणाचंही चालेल."

माझी बायको वर्षा समोर मटार सोलत बसली होती. मी फोन ठेवला आणि मारेकला लावला. वाटलं होतं उचलणार नाही. उचलला.

"टोमेकने काही सांगितलं नाही," मी म्हणालो. "मला संशय आला होता. सुट्टीच्या रविवारी मी स्वतः तुझ्या गावी येऊन वर्कशॉपच्या खिडकीतून बघून गेलो."

वर्षाचे हात थांबले. त्या रविवारी मी घरी होतो, तिच्यासमोर मागच्या दाराला रंग देत होतो.

मारेक म्हणाला, "विमानतळावरून कसा आलास?"

"बसने."

"ट्रेनने का नाही? सोपं पडतं."

"कुठली ट्रेन?" माझ्या तोंडून निघून गेलं. "रूळ तर उखडलेत. स्टेशनात आता एक बाई मध विकते."

पलीकडे मोठा श्वास ऐकू आला. "म्हणजे आलास खरा," तो म्हणाला. "मी तुला भाऊ समजत होतो." आणि फोन बंद.

वर्षाने विचारलं, "मधाचं कुणी सांगितलं तुला?"

दुसऱ्या दिवशी मी हेलेनाबाईंकडे गेलो. त्यांना स्टेशन चालू असतानाचंच माहीत होतं. त्यांनी बहिणीला फोन केला. रूळ जाऊन बरीच वर्षं झाली. मधाचं दुकान त्याच हिवाळ्यात उघडलं होतं.

त्यानंतर मी मुद्दाम बसून प्रयत्न केलाय. त्या गावाचं काहीच येत नाही. शाळा कुठे, दवाखाना कुठे, विचारलंत तर मी नुसती थाप मारीन, आणि ती चुकेल. डॉक्टर मित्र म्हणतो, कधीतरी ऐकलेलं मनात राहतं. असेल. पण शनिवारी बसवलेलं बेंच मी कधी ऐकलं, ते त्याने मला सांगावं.

भावाभावांचं मिटलं. हिरवं दार उघडलं, काम जोरात आहे, असं हेलेनाबाई सांगतात. मी खरं बोललो तेव्हा महिनाभर खोटा ठरलो, आणि खोटं बोललो ते मिनिटभरात पटलं. राग त्याचा नाही इतका. राग याचा आहे की नऊ वर्षं शेजारी बसून ज्याने मला फसवलं, त्याच्या गावात आज सगळे मला ओळखतात – भागीदारावर पाळत ठेवायला आलेला तो भारतीय. गावाचं नाव दिलं नाही ते म्हणूनच. हेलेनाबाईंच्या बहिणीच्या शेजारणीने तर मला चौकातून जाताना पाहिलंही आहे म्हणे.

माझा पासपोर्ट वर्षाच्या कपाटात आहे. पोलंडमध्ये मी अजून पाऊल टाकलेलं नाही.