नर झाड, मादी झाड

ग्रेनाडा हे कॅरिबियन बेट इतकं लहान आहे, की डोंगरातल्या जवळपास प्रत्येक वळणावरून समुद्र दिसतो. तिथे मी जायफळ घ्यायला गेलो होतो. बागवाली म्हातारी भावात तसूभर हलेना. मी चिडून म्हणालो, "बाई, जायफळ आमच्या कोकणातही पिकतं."

"मग एवढा समुद्र ओलांडून कशाला आलास, बाळा?"

तो टोमणा मला अजून बोचतो. मी शून्यातून धंदा उभा केला तो घासाघीस करूनच.

ती आपली रोपं लावत होती. जुनी बाग वादळाने एका दिवसात आडवी केली होती. जायफळाचं झाड नर की मादी, हे फूल येईपर्यंत कळत नाही, आणि फुलाला सहा-सात वर्षं लागतात. नराला फळ धरत नाही. माझा सौदा तासाभरात मिटतो, म्हणून असेल, मला हा हिशेब झेपेना.

"यातली फळं किती देतील?" मी विचारलं.

"निम्मी."

"कोणती निम्मी?"

"ते माझी नात सांगेल," ती म्हणाली आणि पुढचा खड्डा खणू लागली.

मी भावाचा विषय पुन्हा काढला नाही.