लाभ, दोन, तीन

रेशनच्या दुकानात धान्य कधी साठलं नाही, किस्से मात्र पोत्यानं साठले! पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेल्याला वर्ष-दोन वर्षं झाली होती. जालन्यात स्टेशनजवळच्या दुकानात मी कार्डं लिहायचो आणि आमचे किसनमामा मापारी. काटा असा धरायचे की दाणा इकडचा तिकडे नाही. त्या दिवसांत पोट जेमतेम भरायचं, पण हसायला रेशन नव्हतं.

*

एकदा लाल ज्वारी आली. गल्लीतल्या सरूबाई दुसऱ्या दिवशी भाकर घेऊनच हजर!

"ही जवारी हाय का माती? तुमीच खाऊन सांगा!"

मामांनी भाकर घेतली. कांदा फोडला. शांतपणे शेवटच्या घासापर्यंत खाल्ली.

"मंग?" सरूबाई कमरेवर हात ठेवून उभ्या.

"बाई, अजून एक असती तर नक्की सांगता आलं असतं."

*

कार्डावर माणसं लिहिताना एकानं जावयाचं नाव घुसवलं. मी म्हणालो, "जावई तर परभणीला राहतो!"

"राहतो तिकडं, जेवतो इकडं!" तो म्हणाला. "अन् साहेब, लिहायचाच असंल तर दोन माणसं लिवा. एकाचं त्याला पुरत न्हाई!"

*

मग हैदराबादहून नवे इन्स्पेक्टर साहेब आले. कडक माणूस. आमच्याकडे चहा प्यायचे, पण साखर स्वतःची. खिशातून कागदाची पुडी काढायची, चिमूटभर टाकायची, पुडी परत खिशात. "दुकान की शक्कर हराम है!" आम्ही आपले बिनसाखरेचा घोट घेत त्या खिशाकडे बघत बसायचो.

*

या साहेबांनी पहिल्याच दिवशी मामांना पकडलं. धान्य मोजताना मापारी कधी 'एक' म्हणत नाही. पहिल्या मापाला, पहिल्या पोत्याला 'लाभ' म्हणायचं, मग दोन, तीन. बरकत राहते म्हणून. साहेबांना हे कुठलं माहीत?

"पहला बोरा गिना नहीं! किधर गया?"

मी समजावलं. ते म्हणाले, "सरकारी दुकान में एक बोलने का!"

"बराबर साहेब," मामा म्हणाले, पोत्यावर हात ठेवला आणि खणखणीत आवाजात सुरू केलं, "लाभ!"

*

अशात मामांच्या पोरीचं लग्न ठरलं. तेव्हा धान्याच्या टंचाईमुळे पन्नासाच्या वर माणूस जेवू घालायला सरकारची बंदी होती. मामांच्या हातून धान्य नेणारी अख्खी गल्ली. कुणाला बोलवायचं, कुणाला टाळायचं? टाळलं तर तोंड दाखवायला जागा नाही, बोलावलं तर नोकरी जाणार. मामा आठवडाभर धड जेवले नाहीत. मला फार वाईट वाटलं त्यांचं. शेवटी त्यांनी मन घट्ट करून पन्नासच माणसं सांगितली.

लग्नाच्या दिवशी स्टेशनमागच्या मैदानात पंगत बसली आणि साहेब रजिस्टर घेऊन दाखल झाले. बघतात तर दोन-अडीचशे माणूस!

"किसनराव! ये क्या है?"

सरूबाई पुढे झाल्या.

"साहेब, पाव्हणे पन्नासच हायेत. आमी न्हाई जेवायला आलो. आमी आमच्या भाकरी बांधून आणल्या, हितं बसून खाऊन राह्यलो. मैदानात बसायला बी कार्ड लागतं का?"

खरंच, प्रत्येकाच्या पुढ्यात आपापलं फडकं सोडलेलं होतं.

"और ये शिरा?"

"त्यातली साखर बी आमच्याच कार्डाची. घरोघरची पुडी पुडी टाकली. मामानं कधी काटा मारला न्हाई साहेब, त्याच्या पोरीचं लगीन बिनगोडाचं कसं होऊ द्यावं?"

मामा खाली बघून डोळे पुसत होते. पंगतीचे घास हातातल्या हातात.

साहेबांनी सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली. खिशातून ती पुडी काढली आणि शिऱ्याच्या पातेल्यात रिकामी केली. मग रजिस्टर उघडलं, नवरदेवाकडे बोट केलं आणि मोठ्यानं मोजायला लागले, "लाभ! दोन! तीन!"

पन्नासला रजिस्टर मिटलं आणि साहेब एकावन्नाव्या जागेवर मांडी घालून बसले.