चूल मळू नये म्हणून

नवी चूल काळी पडू नये म्हणून मी तिच्या धुराड्यावर पोतं बांधून ठेवलं होतं. हसू नका. त्या वेळी मला ते फार हुशारीचं वाटलं.

सत्तर-पंचाहत्तरच्या मधली गोष्ट. जऊळक्याच्या स्टेशनाजवळ माझं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे टिनाचं छप्पर, दोन बाकडी आणि चहा-भजी. मी गल्ल्यावर, बायको चुलीवर. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा धूर इतका, की गिऱ्हाईक खोकत आत यायचं आणि रडत बाहेर जायचं. बायकोचे डोळे सदा लाल. "कांदा लई तिखट आहे," असं मी लोकांना सांगायचो.

धूर शेजारच्या शाळेत शिरतो म्हणून ग्रामपंचायतीनं ठराव केला. जो हॉटेलवाला बिनधुराची चूल बसवील, त्याचा वर्षाचा कर माफ! मी लगेच चूल घालून घेतली आणि अर्ज ठोकला, 'आता चुलीपाशी बसणाऱ्यास कसलाही त्रास उरलेला नाही.' पाहणीला आठ दिवस होते. तोवर चूल मळली तर? मी धुराडं बांधलं, चुलीला हळदकुंकू वाहिलं आणि बायकोला मागच्या अंगणात तीन दगडांवर तळायला बसवलं.

"अवो, मंग चूल घातली कायले?"

"आधी पाहणी होऊ दे!"

सरपंच आणि ग्रामसेवक आले. "चूल त एकदम कोरी दिसून राह्यली," सरपंच म्हणाले. "पेटव बरं."

मी ऐटीत काडी लावली. पोत्याचा साफ विसर पडला होता. सगळा धूर उलटा आत आला. ग्रामसेवक तोंडावर कागद धरून पळाला. सरपंच धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत ओरडले, "अबे, बिनधुराची म्हणतं अन् आमालेच धुरी देतं काय?"

मागून बायकोचा आवाज आला, "सरपंच भाऊ, वर पोतं बांधलं हाये यायनं! म्हणे चूल मळते!"

बाकड्यावरची माणसं पोट धरून हसली. मला वाटलं, गेली माफी. पण सरपंचही हसू लागले. "आठ दिवस या चुलीवर तूच भजे तळ. मी पुन्हा येतो. तुह्ये डोळे कोरडे दिसले, त कर माफ."

पोतं सोडलं आणि बसलो. पहिला घाणा असा निघाला, की स्टेशनावरचा हमाल म्हणाला, "हे चाकाखाली टाका, गाडी हालणार नाही." तिसऱ्या दिवसापासून मात्र भज्यांना रंग आला. धूर खरंच वर जात होता. बायको गल्ल्यावर बसून हसत होती आणि तिच्या डोळ्यांतली लाली गेली होती. कांदा तोच होता.

आठव्या दिवशी कर माफ झाला. कागद नाचवत मी म्हणालो, "चाल, आता बस आपल्या जागेवर."

ती गल्ल्यावरून हललीसुद्धा नाही. म्हणाली, "अर्जात तुमीच लिवलं ना, चुलीपाशी बसणाराले काई तरास नाही म्हून? मंग बसा की. मले इथं बरं वाटून राह्यलं."