पोट बांधायचं लुगडं

आमचा दुसरा मुलगा झाला तेव्हा आम्ही मुलुंडला, लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर राहत होतो. ऐंशीच्या दशकाची सुरुवातीची वर्षं. त्या काळात मी स्वतःला फार कामाचा नवरा समजत असे. घरात असं समजणारा मी एकटाच होतो.

बायकोचं पहिलं बाळंतपण माहेरी झालं आणि पोट आपलं आपण जागेवर गेलं. या खेपेला ते ऐकेना. कातडी सैल पडली होती. एकदा आरशापुढे उभी राहून तिने ती चिमटीत धरून दाखवली. "बघ, भिजवलेल्या कणकेसारखी." ती बँकेत काउंटरवर बसायची. तीन महिन्यांनी परत जायचं होतं आणि तिथे एक कॅशियरबाई होती, जी बाळंतपणाहून परतलेल्या मुलीला सगळ्यांदेखत म्हणाली होती, "एक गेलीस, दीड आलीस गं."

"मी जुन्याच ब्लाउजात जाणार," बायको म्हणाली. "एक शिवण उसवणार नाही."

यासाठी आईने कांजूरमार्गहून एक मावशी लावली. नात्याने कुणाचीच नव्हे, पण मालवणकडची सगळी मंडळी तिला मावशीच म्हणायची. रोज सकाळी येऊन ती बायकोचं अंग कोमट खोबरेलाने रगडायची, डाळीचं पीठ आणि हळद लावून कढत पाण्याने न्हाऊ घालायची आणि मग पोट बांधायची. त्यासाठी एक जुनं नऊवारी लुगडं होतं. धुऊन धुऊन त्याचा रंग कुठला हेही सांगता येत नव्हतं. बायको श्वास सोडून उताणी पडायची आणि मावशी ओटीपोटापासून वर एकेक वेढा आवळत न्यायची. दुपारी ते सोडून धुवायचं, वाळलं की संध्याकाळी आई पुन्हा बांधायची. नवं कापड नाजूक कातडीला काचतं, नायलॉन सरकतं, त्यामुळे असंच मुरलेलं सुती लुगडं लागतं. हे ज्ञान मला जरा उशिरा झालं.

माझं लक्ष तेव्हा बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवांवर होतं. तिचं पोट आत चाललं होतं, माझं बाहेर. घरातली एकूण बेरीज तीच राहिली.

एका रविवारी दुपारी आई देवळात गेली होती, बायको मुलाला घेऊन झोपली होती आणि दारात बोहारीण आली. जुने कपडे घ्यायची, भांडी द्यायची. मी कॉलर विरलेले दोन शर्ट काढले. तिला पुरेना. मग दोरीवर वाळलेलं ते फडकं दिसलं. भरपूर घासाघीस करून मी झाकणाचा स्टीलचा डबा मिळवला, झकास, लाडवांना अगदी मापाचा.

आई आली तसा मी डबा पुढे केला. ती दोरीकडे बघत होती.

"लुगडा खंय आसा?"

मी डब्याकडे बोट दाखवलं.

"बोहारणीक दिलंस?" आई खुर्चीत बसली. "मेल्या, तुझ्या वेळाक मावशीन माका ह्याच लुगड्यान बांधलेला."

म्हणजे माझ्या आगमनाची जी काही पडझड झाली होती तीही त्याच लुगड्याने सावरली होती. एव्हाना बायको दारात येऊन उभी होती. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"किती वाजता परत येतोस?" तिने विचारलं.

"कुठून?"

"लुगडं घेऊन."

तीन बिल्डिंगी पालथ्या घातल्यावर चौथीच्या पायरीवर बोहारीण सापडली. तिचं अख्खं बोचकं आमच्याच लुगड्यात बांधलेलं होतं. मी डबा पुढे केला.

"दिलेलं भांडं परत नाही घेत साहेब. दुसरं काय देताय बोला."

मी तीन मजले चढून घरी आलो आणि कपाटातून माझा लग्नातला सूट काढला. चॉकलेटी, डांबराच्या गोळ्यांत जपलेला. दर दिवाळीला मी म्हणायचो, पुढच्या वर्षी बसेल. तो घेऊन परत त्या पायरीशी गेलो. बोहारणीने पँट कमरेत ताणली आणि तळमजल्यावरच्या बायका बघत असताना माझ्या पोटाला लावून पाहिली. दोन्ही टोकांत वीतभर अंतर राहिलं.

"तुमचाच?"

"माझाच."

ती हसली नाही, मान हलवली फक्त. बोचकं सोडून लुगडं माझ्या हातात दिलं आणि वर एक छोटी वाटी ठेवली. "बाळंतीण आहे म्हणालात ना. तेलाला होईल."

घरी आईने लुगडं उकळून घेतलं. पंख्याखाली वाळायला रात्र झाली, पण त्या दिवसाचा वेढा चुकला नाही. दुसऱ्या सकाळी मावशीने सगळं ऐकून घेतलं, मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "तुका बांधूचा तर दोन लुगडी लागतली."

तीन महिने भरले त्या सोमवारी बायकोने मोरपंखी साडी काढली. जुन्या ब्लाउजाच्या शेवटच्या हुकाला तिने श्वास आत ओढला आणि हुक बसला. शिवण एकही उसवली नव्हती. पोटावरच्या पांढऱ्या रेघा तशाच होत्या. त्या जातील का, मी विचारलं. "कशाला जायला हव्यात? दोन मुलं झालीत मला," ती म्हणाली आणि पदर खोचला. मी बसस्टॉपपर्यंत मुद्दाम चार पावलं मागून चाललो. बायको माझी आहे हे दिसावं, पण माझ्या पोटामुळे ती झाकली जाऊ नये, अशा बेताने.

संध्याकाळी ती आली ती हसतच. कॅशियरबाईंनी बाजूला घेऊन विचारलं होतं, कुठला डॉक्टर गं.

"मग काय सांगितलंस?"

"म्हटलं, डॉक्टर नाही. नवऱ्याने सूट दिला."

कपाटात सुटाचा हँगर रिकामा लटकत होता. बाळंतपणाचे चाळीस दिवस उलटून गेल्यावर आईने त्यावर ते लुगडं घडी घालून टांगलं होतं. पुढे सुनेच्या वेळी ते तिथूनच काढलं. डबा मात्र कधी टिकला नाही भरलेला, आणि त्याला जबाबदार कोण हे घरात सगळ्यांना माहीत आहे.