नाना डॉक्टर आणि छातीतले राखणदार

खोकणाऱ्या माणसांमध्ये दिवस काढले की किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपोआप साठत जातात. एकोणीसशे तीसनंतरची ती वर्षं. मी नुकताच डॉक्टरी पास होऊन नाशकात रविवार कारंज्याजवळ नाना डॉक्टरांच्या हाताखाली लागलो होतो. नाना पन्नाशीचे, पण खुर्चीत बसलेले मी त्यांना क्वचितच पाहिले. छाती तपासतानाही ते पेशंटभोवती फिरत राहायचे. एक म्हातारे वैतागून म्हणाले होते, "डॉक्टर, एका जागी उभे राहा. मला घेरी येतेय."

नानांना एका प्रश्नाने झपाटलं होतं. बुरशीचं बी हवेत सगळीकडे असतं, आपण ते दर श्वासाला आत ओढतो, मग आपल्या छातीत बुरशी का माजत नाही?

*

हवेत असं बी असतं हे लोकांना पटावं म्हणून त्यांनी दवाखान्यातल्या टेबलावर ताटलीत ओली भाकरी ठेवली. थोड्या दिवसांत तिच्यावर हिरवीकाळी लव आली. येईल त्याला ते ती दाखवायचे.

शाळेतले एक मास्तर ताटली पाहून हादरलेच. "म्हणजे हे सगळं माझ्या छातीत जातं?"

"जातं, पण टिकत नाही," नाना म्हणाले. "बरंचसं नाकातच अडकतं. सुटलेलं श्वासनळीतल्या चिकट बेडक्यात सापडतं, आणि तिथले बारीक केस ते वर ढकलत राहतात. घशाशी आलं की तुम्ही खाकरता. त्यातूनही काही खोल गेलंच, तर तिथे राखणदार पेशी असतात. त्या ते खाऊन टाकतात."

मास्तरांनी ताटली एका बोटाने दूर सारली. "मग नाना, ही भाकरी तेवढी बाहेर टाका. राखणदारांना उगाच कशाला जादा काम?"

*

विंचूरकडच्या एका वखारीत कांदे निवडणारी गंगूबाई एकदा घाबरीघुबरी होऊन आली. जुन्या कांद्यावर काजळीसारखी काळी बुरशी धरते. दिवसभर ती उडायची आणि हिचा बेडका काळा पडायचा.

नानांनी तो मायक्रोस्कोपखाली पाहिला, छाती तपासली आणि खूश झाले. "उत्तम, गंगूबाई. काळं बाहेर पडतंय म्हणजे तुझी छाती दिवसभर झाडलोट करतेय."

"दिवसभर तर मी बी करतेय, डॉक्टर," ती म्हणाली. "मला नाय कोणी उत्तम म्हणलं."

नानांनी तिच्याकडून मालकाचं नाव विचारून घेतलं. पुढच्या बाजाराच्या दिवशी ते स्वतः त्या वखारीत गेले आणि बंद खिडक्यांसमोर येरझाऱ्या घालत मालकाला हवा, बुरशी, नाक, श्वासनळी सगळं समजावू लागले. ते राखणदारांपर्यंत पोचायच्या आत मालकाने खिडक्या उघडून दिल्या.

*

एका कापडवाल्या शेठजींना खोकला तडकाफडकी बंद करून हवा होता. अफूचा अंश असलेलं औषध द्या, म्हणून ते हटून बसले.

"खोकला हा तुमच्या छातीचा झाडूवाला आहे," नाना म्हणाले. "त्याला गुंगी आणली तर आतला कचरा कोण काढणार?"

शेजारी शेठाणी बसल्या होत्या. जागरणाने त्यांचे डोळे तांबारले होते. त्या हळूच म्हणाल्या, "मग त्याला दिवसपाळी तरी द्या."

*

युसुफ टांगेवाल्याची गोष्ट मात्र मला अजून स्वस्थ बसू देत नाही.

युसुफ स्टेशन ते गाव असा टांगा हाकायचा. त्या पावसाळ्याच्या अखेरीस त्याला खोकला लागला, धाप लागायला लागली आणि संध्याकाळी ताप भरायला लागला. संध्याकाळचा ताप म्हटलं की क्षय, हे तेव्हा शेंबडं पोरही सांगायचं. लोक त्याच्या टांग्यात बसेनासे झाले. मुलीची ठरलेली सोयरीक मोडली. घरात त्याच्या आईने त्याचा कप वेगळा काढून खिडकीत ठेवला. ठेवताना ती रडली, पण ठेवला. घरात लहान नातवंडं होती.

नाना पुन्हापुन्हा त्याचा बेडका तपासत राहिले. क्षयाचे जंतू काही सापडेनात. "आपलंच चुकत असेल," मी म्हणालो. नानांनी बेडका लावलेली काच माझ्या हातात दिली. "मग तू बघ." मी डोळे दुखेपर्यंत पाहिलं. मलाही काही दिसलं नाही.

मध्येच युसुफ बहिणीकडे दिंडोरीला जाऊन राहिला. तिथे ताप नाही, धाप नाही. परत आला, घोड्याला वैरण घातली, आणि त्याच संध्याकाळी पुन्हा हुडहुडी भरली.

हे ऐकताच नानांनी टोपी घातली आणि मला ओढतच युसुफच्या तबेल्यात नेलं. माळ्यावर पावसात भिजलेलं गवत दडपून भरलं होतं. नानांनी त्यात हात घातला. आत ऊब होती. ओढलं तसा पांढरा धुरळा उडाला.

"बुरशी," नाना म्हणाले. "पण ही त्याच्या छातीत वाढत नाहीये. मला वाटतं, त्याचे राखणदारच बिथरलेत. रोज एवढा धुरळा पाहून ते चोराबरोबर घरालाच झोडपतायत."

"असं कुठल्या पुस्तकात आहे?" मी विचारलं.

"मला सापडलेलं नाही. म्हणून तर झोप लागत नाही."

युसुफने विचारलं, "डॉक्टरसाब, घोडा विकू?"

"घोड्याने काय केलंय? गवत जाळ. नवं वाळवून घे, आणि वैरण दुसऱ्या कोणाला तरी घालू दे."

त्याची बायको वैरण घालू लागली. ताप गेला. मग हळूहळू धापही गेली. युसुफ पुन्हा टांगा जोडून स्टेशनवर उभा राहू लागला, पण उतारू त्याला पाहून पुढच्या टांग्यात बसत.

नाना चिडले. मला घेऊन भर सकाळी त्याच्या मोहल्ल्यात गेले. दारात माणसं जमली. युसुफच्या आईने आमच्यासाठी चांगले कप काढले. नानांनी खिडकीतला तो कप उचलला.

"यात द्या."

"वो नको, डॉक्टरसाब," म्हातारी म्हणाली. "वो युसुफचा हाय."

"म्हणूनच."

तिने चहा ओतला. नाना उंबऱ्यात उभे राहिले आणि सगळ्यांच्या देखत तो संपवला. म्हातारीने त्यांच्या हातून कप घेतला, धुतला आणि घरातल्या बाकीच्या कपांमध्ये नेऊन ठेवला.

त्या काळात एका ब्राह्मण डॉक्टरने असं करणं म्हणजे काय, हे निराळं सांगायला नको. आम्ही पोचायच्या आत बातमी नानांच्या घरी पोचली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडे गेलो तर नाना बाहेर ओटीवर बसले होते. बसले होते, म्हणूनच मी आधी दचकलो. त्यांच्यापुढे एक जुना पितळी पेला वेगळा मांडलेला होता. त्यांच्या आईने दारातूनच, उंचावरून, त्यात चहा ओतला आणि त्या आत निघून गेल्या.

नानांनी दोन घोट घेतले आणि पेला माझ्यापुढे सरकवला.

"घे," ते म्हणाले. "गार होतोय."