पानातला शेंदूर

हे मी कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, मुलांपाशी नाही. देवापुढेही नाही — देवाचं काय, तो ऐकून घेतो आणि गप्प बसतो. तू माझा कोण लागतोस? कुणी नाही. म्हणूनच तुला सांगायला बसलोय. फक्त एक कर, मध्येच ‘जाऊ द्या हो अनंतराव, होतं असं’ म्हणू नकोस. तसं म्हणणाऱ्या माणसाचा मला भयंकर राग येतो.

मी हाडाचा संशयी. दूधवाल्याच्या मापाचा संशय, शेजारी हसला की का हसला याचा संशय. पण त्या वर्षांत सगळं लालबाग-परळच तसं झालं होतं रे. आम्हाला मुंबईसकट महाराष्ट्र हवा होता, पोलिसांच्या गोळ्या खाऊन झाल्या होत्या, आणि जो तो घरभेद्या शोधत होता. नळावर नवा चेहरा दिसला — सीआयडी. कुणी दोन सभांना आला नाही — फुटला. अशा हवेत खोटं बोलणं किती सोपं असतं, ठाऊक आहे? काडी टाकून बाजूला व्हायचं, बाकीचं लोकच करतात.

आमच्या चाळीचं कलापथक होतं. मी ढोलकीवर. आणि पुढे उभा राहायचा दाजी. दाजी मालवणकडचा, गिरणीत माझ्या शेजारच्या साच्यावर, म्हणजे मागावर, कामाला. साचे चालू असताना कानात ओरडलेलं ऐकू येत नाही, पण दाजीची हाक खात्याच्या दुसऱ्या टोकाला पोचायची. पोलिसांनी लाउडस्पीकर उचलून नेला तरी आमचं काही अडायचं नाही. भोईवाड्याच्या नाक्यावर त्याने पोवाड्याची पहिली ओळ टाकली की बायका हातातलं पीठ तसंच घेऊन गॅलरीत यायच्या. तोंडाचा फटकळ, बिडी सतत ओठात, पण माणूस सोन्यासारखा. माझं लग्न त्यानेच जमवलं.

आता विड्याचं सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. कार्यक्रमाला उभं राहण्याआधी दाजी एक विडा खायचा, आणि तो एकाच माणसाच्या हातचा. आमच्या पथकात त्याला मोठा अर्थ होता — जो विडा देतो तो दाजीच्या उजव्या हाताला उभा राहतो, आणि दाजीनंतर पथक त्याचं. कित्येक वर्षं तो विडा मी द्यायचो. माझा आवाज बरा होता. बरा म्हणजे — खरं सांगू? बेताचा होता.

मग जगन आला. समोरच्या चाळीतला तरणा गडी, आंबेडकरी घरातला. ती मंडळी नुकतीच बौद्ध झाली होती. गळा असा की पहिल्याच तालमीला दाजीच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि एका संध्याकाळी, भर चाळीच्या पटांगणात, सगळ्यांच्या देखत, दाजीने मी लावलेला विडा बाजूला ठेवला आणि जगनला म्हणाला, “तू लाव रे.” बायका कुजबुजल्या. त्याच्या हातचं पान? दाजीने ते चघळलं आणि हसला. मला काय लागलं — माझी जागा गेली ते, की ती त्याला गेली ते? इतकी वर्षं मी स्वतःला पहिलंच सांगत आलो. खोटं आहे ते. दोन्ही लागलं, आणि दुसरं जास्त लागलं.

त्या वर्षी गणपती झाले आणि दाजीचा आवाज बसला. आधी वाटलं, सर्दी. ज्येष्ठमध, खडीसाखर, हळदीचं दूध — सगळं झालं. आवाज काही येईना. नुसती हवा निघायची, फाटक्या भात्यातून निघते तशी. लालबागच्या नाक्यावर त्याने तोंड उघडलं, पहिल्याच ओळीला आवाज चिरकला आणि मग गेलाच. जगनने मागून ओळ उचलली, कार्यक्रम निभावून नेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी ढोलकी बडवत होतो आणि मनात एकच — वा रे वा, बरी तयारी होती याची!

गाणाऱ्याचा आवाज असा एकाएकी गेला की आपल्यात पहिला प्रश्न काय निघतो? शेंदूर. कुणीतरी पानातून शेंदूर चारला. गवयाचा गळा मारायचा तो असाच, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. तो प्रश्न मी काढला नाही, चाळीत तो आपोआप निघाला. मी फक्त उत्तर दिलं. दाजीची बायको — वैनी — दारात बसली होती, चार शेजारी होते, आणि मी म्हणालो, मी पाहिलंय. भायखळ्याच्या भाजीबाजारात जगन एका परक्या माणसाकडून पुडी घेत होता, सरकारचा माणूस असावा, आणि त्याच संध्याकाळी विडा लावताना त्याने ती पुडी सोडली. तेव्हा समजलं नाही, म्हणालो. आत्ता उलगडा झाला.

काहीही पाहिलं नव्हतं. भायखळ्याला मी गेलोच नव्हतो.

जगनला तालमीच्या खोलीत पाऊल टाकू दिलं नाही. तो ओरडला, आईच्या गळ्याची शपथ घेतली. “अनंता, माझ्या डोळ्यांत बघून सांग,” म्हणाला. मी त्याच्या डोळ्यांत बघून सांगितलं. दाजी कोपऱ्यात बसला होता, आवाज फुटत नव्हता त्याचा, नुसता जगनकडे बघत राहिला. मग त्याने मान फिरवली. त्या दिवसापासून दाजीने पान सोडलं आणि पथक माझ्या हाती आलं.

आता तुला वाटेल, झालं, एवढंच सांगायचं होतं म्हाताऱ्याला. नाही रे बाबा. एवढंच असतं तर मी कधीतरी कुणालातरी सांगून मोकळा झालो असतो.

ठाकूरद्वारच्या एका वैद्याकडे मीच दाजीला घेऊन जायचो. शेंदूर उतरावा म्हणून तो ओकारीची औषधं द्यायचा. दाजी ओकून ओकून अर्धा झाला. डावा खांदा ठणकतो म्हणायचा. जिना चढताना मध्येच कठड्याला टेकायचा. वैनीने एकदा मला त्याची बोटं दाखवली — टोकं फुगून गोल झालेली, नखं चमच्याच्या पाठीसारखी वर आलेली — आणि विचारलं, “भावजी, ह्यां पण शेंदराचांच काय ओ?” मी हो म्हणालो. विष अंगात भिनलं की असंच होतं, म्हणालो. मला काय कळत होतं? कप्पाळ!

मग एका सकाळी दाजी गॅलरीच्या टोकाला खोकत उभा होता. खोकला आवरला तसा तो थुंकला, आणि मी मागेच होतो. लाल. मला बघताच त्याने घाईने तांब्यातलं पाणी ओतलं आणि हाताने खूण केली — पान, पान. अरे, कसलं पान? घरात सुपारीचं खांडदेखील उरलं नव्हतं. ते रक्त होतं, आणि ते मला त्याच क्षणी कळलं. छातीतून रक्त पडलेली माणसं मी गिरणीत पाहिली होती. हे गळ्याचं नव्हेच, छातीचं दुखणं आहे — एवढं तर मलाही उमगलं. तस्सं त्याला दंडाला धरून परळच्या इस्पितळात न्यायचं होतं. चालत जाण्याएवढं जवळ. का नेलं नाही? डॉक्टर छाती म्हणाला की शेंदूर खोटा. शेंदूर खोटा म्हणजे मी खोटा. दाजी घाबरला होता, म्हणून लपवत होता, आणि त्याचं ते घाबरणं मला सोयीचं होतं. मी काय म्हणालो ठाऊक आहे? “दाजी, पान जरा कमी करा.”

थंडी गेली, होळी झाली. दाजीला आडवं होता येईना, पाठ टेकली की श्वास कोंडायचा. शेवटी वैनीच हट्टाला पेटली आणि आम्ही इस्पितळ गाठलं. आधी डॉक्टरांना क्षय वाटला. थुंकी तपासली, क्षय निघाला नाही. मग छातीचा फोटो काढला. फुप्फुसाभोवती साठलेलं पाणी सुईने उपसलं, तेही लालसर. डॉक्टर तरुण होता, समजावून सांगणारा. मला आणि वैनीला खिडकीपाशी नेऊन त्याने फोटो उजेडात धरला. डाव्या फुप्फुसाच्या मुळाशी पांढरा गोळा. कॅन्सर, म्हणाला. मी विचारलं — मग आवाज कसा गेला? गळ्यात तर काही नाही.

त्याने स्वतःच्या मानेवरून खाली बोट फिरवलं. आवाजाची डावी नस सरळ गळ्यात जात नाही, म्हणाला. ती मानेतून खाली छातीत उतरते, हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीखालून वळसा घेते आणि परत वर गळ्यात चढते. गाठ त्या वळणावरच बसलीय. नस दबली, म्हणून गळ्यातली एक पट्टी हलत नाही. बोटं फुगणं, खांदा दुखणं, अंग झडणं — सगळं त्या एका गाठीचं. शेंदराचं विचारायची माझी छाती झाली नाही. वैनीने विचारलं. डॉक्टर हसला नाही. “नाही हो बाई, कुणी काही चारलेलं नाही,” म्हणाला, आणि बिड्या किती ओढायचे ते विचारायला लागला. आधी आणलं असतं तर? वाचले असते असं म्हणत नाही, म्हणाला, पण एवढे हाल झाले नसते. श्वासाला, दुखण्याला काहीतरी करता आलं असतं. ओकारीच्या औषधांचं ऐकून त्याने कपाळाला हात लावला.

वैनी माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, “पुडी कसली होती देव जाणे, वैनी. मला आपलं वाटलं.” बघ, अजूनही पुडी होतीच. पुडी मी सोडली नाही.

दाजीला किरणांचा शेक सुरू झाला, लोक त्याला ‘लाईट देतात’ म्हणायचे. एका दुपारी खाटेशी मी एकटाच होतो. दाजीने माझं मनगट धरलं, कान जवळ आण अशी खूण केली. नुसत्या श्वासात बोलला, “जगन्याक बोलाव. तेणां काय करूक नाय. माका तेची माफी मागूची हा.”

मी निघालो. खरंच निघालो रे. जगनच्या चाळीच्या जिन्यापर्यंत गेलो. वरून त्याचा आवाज येत होता, कुणाच्या तरी लहान मुलाला हाका मारत होता. एकदा ती दोघं समोरासमोर आली की पहिलं काय निघणार? कुठला बाजार, कुठला माणूस, कसली पुडी. चाळीत तोंड दाखवायला जागा उरली नसती. पथक गेलं असतं. वैनीने दारात उभं केलं नसतं. जिन्याखाली उभा राहून मी एवढाच हिशेब केला. मग समोरच्या दुकानात चहा प्यायलो आणि परत इस्पितळात गेलो.

दाजी दाराकडे डोळे लावून पडला होता. मी म्हणालो, “येत नाही म्हणाला, दाजी. मेलात तरी येणार नाही म्हणाला.”

हे ‘मेलात तरी’ मी कुठून आणलं? कुणी सांगितलं होतं जोडायला? दाजीच्या डोळ्यांतून पाणी गळून कानापर्यंत गेलं, ते मी माझ्या रुमालाने पुसलं. मी घरी निघेपर्यंत त्याने माझा हात सोडला नाही. वैनीलाही मी तेच सांगितलं, जगन येत नाही म्हणाला, म्हणून तिनेही त्याला निरोप धाडला नाही. त्याच आठवड्यात दाजी गेला.

प्रेत नेताना जगन रस्त्याच्या पलीकडे उभा होता, अनवाणी. आमच्यातल्याच कुणीतरी त्याच्याकडे बघून थुंकलं. चाळ अजून शेंदूरच धरून बसली होती, आणि मी कुणाला काही सांगायला गेलो नाही.

मग महाराष्ट्र झाला. मुंबईसकट झाला. लालबागला गुलाल, पेढे, ताशे. पथक मीच चालवत होतो, माझ्या त्या बेताच्या आवाजात, आणि त्या दिवशी लोक काहीही ऐकून घ्यायला तयार होते. दुपारी गर्दीतून जगन माझ्यापुढे आला. मला वाटलं, आता हा गचांडी धरणार. त्याने भांडण काढलं नाही. पुडीचं नाव काढलं नाही. माझ्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, “अनंता, एकच सांग. दाजींनी शेवटी माझी कधी आठवण काढली का रे?”

दाजी गेलेला. वैनी गावी निघून गेलेली. कोण काय करणार होतं माझं? एक ‘हो’ म्हणायचं होतं, बस्स.

“नाही,” म्हणालो मी. “एकदाही नाही.”

त्याने माझ्या खांद्यावरचा हात काढला. मग गर्दीत शिरला आणि दिसेनासा झाला. मला पुढच्या गाण्याला उभं राहायचं होतं. मी उभा राहिलो.