लुक आफ्टर

आमच्या गल्लीतल्या एकानं आपल्या आईला दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरनं त्याला विचारलं, "यांचं लुक आफ्टर कोण करणार?" तो शब्द त्यानं तिथून उचलला आणि सगळ्याला लावला. बैलाला वैरण टाकणं लुक आफ्टर, दुसऱ्याच्या विहिरीवरची मोटार चालू-बंद करणं लुक आफ्टर, बंद घराच्या कुलपाला जाता-येता हिसका देणं म्हणजेही लुक आफ्टरच. दसऱ्यानंतर आमची अर्धी गल्ली ऊसतोडीला जाते, ती त्याच्याच भरवशावर. "जावा तुमी बिनघोर," तो म्हणतो, "म्या करतो लुक आफ्टर."

यंदा माझ्या शेजारची म्हातारी त्याच्याकडं होती. तिचा रोज एक फोटो तोडणीवरच्या लेकाला पाठवायचा, असं ठरलेलं. परवा मी पाहिलं, तर त्यानं ओट्यावर तिचा फोटो काढला, ती आत जाऊन लुगडं बदलून आली, त्यानं पुन्हा काढला. मग आणखी एक.

"हे कशापायी रे?" मी विचारलं.

"हप्त्याचे सातबी फोटो एकदाच काढतो. तिकडं लेक बिनघोर, हिकडं मी मोकळा."

मला त्याची शिसारी आली. म्हातारीला यातलं काही कळत नसेल असं वाटलं. ती चौथं लुगडं नेसून धापा टाकत आली, भिंतीला टेकली.

"होळीपत्तुरचे काढून ठिव, बाबा," ती म्हणाली. "मधीच मला काई झालं तर पोरगं तोडणी सोडून पळत यायला नगं."

त्यानं मोबाइल डोळ्यांसमोर धरला.

"हास मंग जरा, मावशे."